लढाऊ विमानांच्या फोटोंसाठी ब्रिटनला जाताना: लेकनहीथ, मॅक लूप आणि फेअरफर्डची आखणी

पुण्यातल्या लोहगाव हवाई तळाच्या आसपास राहणाऱ्याला सुखोई ओळखायला मान वर करावी लागत नाही, आवाज पुरतो. पण तिथल्या कुंपणाशी उभं राहून मोठी लेन्स रोखलीत तर शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ नावाचा कायदा आडवा येतो, आणि त्यावर कुणाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आपल्याकडे हौस भागवायची ती दोन वर्षांनी येलहंकाला भरणाऱ्या एअरो इंडियात किंवा वायुसेनेच्या जाहीर प्रात्यक्षिकांत. रोजच्या सरावाला निघालेलं, शस्त्रं आणि इंधनाच्या टाक्या लटकवलेलं लढाऊ विमान निवांतपणे टिपायचं असेल तर देशाबाहेर पडावं लागतं.

परदेश म्हणजे सगळीकडे मोकळं रान असंही नाही. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीसमधल्या कालामाता तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच स्पॉटरना, म्हणजे विमानं पाहून नोंदी ठेवणाऱ्या हौशींना, हेरगिरीच्या संशयावरून पकडलं. एप्रिल २००२ मध्ये त्यांना दोषी ठरवलं गेलं आणि नोव्हेंबरमध्ये अपिलात ते सुटले. २०१५ मध्ये अमिरातीतल्या फुजैरा विमानतळाजवळ नोंदी करणाऱ्या तीन ब्रिटिश हौशींना सुमारे दोन महिने कोठडीत काढावे लागले. त्यामुळे देश निवडताना विमानं कुठली दिसतील याच्याही आधी तिथल्या पोलिसांना हा छंद ठाऊक आहे का, हे पाहावं. ब्रिटनमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. काही तळांच्या शेजारी बघ्यांसाठी वाहनतळ आहेत, चहाची गाडीही उभी असते. पहिली सहल तिथेच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं मत आखणीबद्दल. आठवड्याभरात आठ तळ उरकण्याचा बेत करू नका. लष्करी विमान कधी उडेल हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. रोज नवं ठिकाण गाठलंत तर प्रत्येक ठिकाणी अर्धा दिवस रस्त्यात जातो आणि उरलेला अर्धा नेमका विमानं जमिनीवर असताना. सफोकमधला लेकनहीथ तळ हा मुक्काम, वेल्सच्या डोंगरांतल्या मॅक लूप नावाच्या दऱ्यांना किमान दोन पूर्ण दिवस आणि जुलैत जात असाल तर फेअरफर्डचा एअर शो, एवढं पहिल्या खेपेला भरपूर झालं.

तारखा आधी, तिकिटं मागाहून

शनिवार-रविवार विसरा. नेहमीचं सराव-उड्डाण सोमवार ते शुक्रवार चालतं, आणि शुक्रवारी दुपारनंतर तेही मंदावतं. लेकनहीथ आणि मिल्डनहॉल हे तळ नावाने रॉयल एअर फोर्सचे असले तरी तिथे अमेरिकी हवाई दल राहतं. त्यामुळे दोन देशांच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर समोर ठेवावं लागतं. ४ जुलै, सप्टेंबरचा पहिला सोमवार, नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंग या दिवशी आकाश रिकामं असतं. सुट्टीला लागून येणारा दिवसही बऱ्याचदा थंडच जातो. ब्रिटिश बँक हॉलिडे वेगळे. ऑगस्टअखेरचा सोमवार त्यातलाच.

रॉयल इंटरनॅशनल एअर टॅटू, म्हणजे सगळे ज्याला ‘रिअ‍ॅट’ म्हणतात तो शो, जुलैच्या मध्यानंतर शुक्रवार ते रविवार असतो. तो गाठायचा असेल तर आधीच्या शनिवारी लंडनला उतरावं, सोमवार-मंगळवार लेकनहीथला द्यावेत आणि बुधवारी फेअरफर्डकडे निघावं. शो संपल्यावर पुढचा आठवडा वेल्ससाठी. जुलैचा मोठा फायदा म्हणजे दिवस. पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं आणि रात्री नऊनंतरही प्रकाश रेंगाळतो. तोटाही आहे. भर दुपारी धावपट्टीवरून उठणाऱ्या गरम हवेने लांबवरचे फोटो पाण्यात बुडाल्यासारखे दिसतात, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाहीत.

शोची ओढ नसेल तर मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर मी जास्त पसंत करीन. सूर्य खाली असतो, डोंगरांना रंग असतो, हॉटेलं स्वस्त असतात. दिवस लहान असतो एवढंच.

व्हिसा आणि गाडी

नेहमीचा पर्यटक व्हिसा पुरतो. बोटांचे ठसे मुंबई-पुण्याच्या केंद्रांत देता येतात. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात, पण उन्हाळी गर्दीत त्याच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवा. प्रवासाचा हेतू लिहिताना आडपडदा ठेवू नका. पर्यटन, विमान-छायाचित्रण, एअर शो, असं सरळ लिहावं आणि शोचं तिकीट काढलं असेल तर जोडावं. विमानतळावर अधिकाऱ्याने ‘कशासाठी आलात’ विचारल्यावर ‘साइटसीइंग’ म्हणायचं आणि बॅगेतून ६०० मिलिमीटरची लेन्स निघायची, हे उगाच प्रश्न वाढवणारं आहे.

गाडी भाड्याने घ्याच. भारतीय परवान्यावर पाहुण्याला तिथे बारा महिन्यांपर्यंत लहान गाडी चालवता येते आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. अडखळायला होतं ते राउंडअबाउटला. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि हा नियम तिथे खरोखर पाळला जातो. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे, कॅमेरेही आहेत. डोंगरातून उतरून गावात शिरताना वेगाकडे लक्ष असू द्या.

गाडी नको असेल तरी सहल अशक्य नाही. लेकनहीथसाठी ब्रँडन किंवा थेटफर्डपर्यंत रेल्वे आहे, पुढे टॅक्सी. वेल्समध्ये मॅखन्लेथपर्यंत बर्मिंगहॅमहून रेल्वे जाते आणि तिथून डॉलगेल्लाईकडे जाणारी टी-२ बस ए-४८७ रस्त्याने डोंगरांच्या पायथ्याशी सोडते. परतीच्या बसची वेळ मात्र आधी पाहून ठेवा.

बॅगेत काय

एक बॉडी आणि एक लांब झूम यावर नव्वद टक्के काम होतं. १००-४००, १५०-६०० किंवा २००-६०० यांपैकी जी तुमच्या कॅमेऱ्याला आहे ती. नुसत्या या सहलीसाठी फिक्स फोकल लेंथची महागडी लेन्स विकत घेऊ नका, भाड्यानेही आणू नका. मॅक लूपमध्ये विमान दोन-तीन सेकंदांत ठिपक्यापासून चौकट भरेपर्यंत वाढतं, तिथे झूमच उपयोगी. सोबत २४-७० सारखी एक छोटी लेन्स असू द्या, शोमध्ये जमिनीवरची विमानं आणि माणसं टिपायला.

लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, लेन्सही तिथेच. निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून महागड्या उपकरणांचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. त्यावर सीरियल नंबर लिहिलेले असतात, त्यामुळे परतताना ‘ही लेन्स तिकडून आणली का’ हा प्रश्न एका कागदात मिटतो. या कामाला वेळ लागतो आणि ते सामान चेक-इन करण्याआधी उरकायचं असतं.

कपड्यांत पावसाचं चांगलं जॅकेट आणि घोट्याला आधार देणारे बूट, बाकी काहीही चालेल. कॅमेऱ्यासाठी पावसाचं आवरण आणि दोन-तीन सुती फडकी घ्या. खाण्याचं म्हणाल तर चिवडा, चकल्या, खाकरे नेता येतात. पेढे, बर्फी किंवा मांसाचे पदार्थ मात्र नेऊ नयेत, भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला ब्रिटनमध्ये बंदी आहे. डोंगरावर पाच-सहा तास बसायचं असतं आणि तिथे टपरी नाही, तेव्हा चिवड्याचा डबा हे गमतीचं सामान समजू नका.

ड्रोन घरी ठेवा. त्याबद्दल पुढे.

लेकनहीथ

लंडनहून एम-११, मग ए-११, बार्टन मिल्सच्या चौकातून ए-१०६५. सुमारे दोन तासांचा रस्ता. तळावर अमेरिकेची ४८ वी फायटर विंग आहे. विमानाच्या शेपटीवरची ‘एलएन’ ही अक्षरं म्हणजे लेकनहीथ. इथे एफ-१५ई स्ट्राइक ईगलच्या दोन स्क्वाड्रन आहेत, ४९२ आणि ४९४, आणि एफ-३५एच्या दोन, ४९३ आणि ४९५. पहिलं एफ-३५ इथे डिसेंबर २०२१ मध्ये उतरलं आणि पुढच्या वसंतात जुनी एफ-१५सी विमानं निघून गेली. स्ट्राइक ईगल ओळखायला शेपटीच्या टोकावरची पट्टी पाहा. निळी असेल तर ४९२, लाल असेल तर ४९४. मोठ्या आकड्यांशेजारी दोन छोटे अंक असतात. ते विमान कोणत्या आर्थिक वर्षात मागवलं ते सांगतात. ‘९१’ आणि ‘३०१’ दिसलं तर विमान १९९१ च्या खरेदीतलं. म्हणजे तुमच्या डोक्यावरून जाणारं यंत्र तिशी ओलांडलेलं आहे.

धावपट्टी ०६/२४, म्हणजे एकच पट्टी, दोन दिशांची दोन नावं. वारा बहुधा नैर्ऋत्येचा असतो, त्यामुळे २४ जास्त वापरात असते आणि विमानं ईशान्येकडून, ए-१०६५ ओलांडून उतरतात. बघ्यांची जागा याच टोकाला आहे. ठरलेल्या वाहनतळावर पैसे भरून गाडी लावा. रस्त्याकडेच्या गवतावर लावाल तर तुमच्यामुळे उद्या सगळ्यांची जागा बंद होईल. वारा उलटा असेल आणि ०६ चालू असेल तर इथे उड्डाणं डोक्यावरून बरीच उंच जातात. म्हणून सकाळी हॉटेल सोडण्याआधी वाऱ्याची दिशा पाहायचीच.

उड्डाणं लाटांनी होतात. साधारणपणे सकाळी एक लाट, दुपारी दुसरी. विमानं दोन-दोन, चार-चारच्या गटात निघतात आणि तास-दीड तासाने परत येतात, हवेत इंधन घेतलं तर त्याहून उशिरा. काही आठवड्यांत रात्रीचा सराव असतो, तेव्हा सकाळ पूर्ण कोरडी जाते. नवखा माणूस अकरा वाजता ‘इथे काही नाही’ म्हणून निघून जातो आणि साडेअकराला चौघं एकामागोमाग उतरतात. तिथले जुने लोक खुर्ची टाकून सँडविच खात बसलेले असतात, त्यांच्याकडे बघून बसायचं. ते उठून कॅमेरे उचलायला लागले की तुम्हीही उचला. बहुतेकांच्या कानात स्कॅनरची वायर असते, त्याबद्दल पुढे.

परतीचं दृश्य उड्डाणापेक्षा फोटोसाठी चांगलं. विमानं धावपट्टीवरून वेगाने जातात आणि एकेक करून कडक वळण घेतात. त्या वळणात पाठ पूर्ण दिसते, दमट हवा असेल तर पंखांवर वाफ धरते. शटर १/१००० ते १/१६००, कंटिन्युअस फोकस, एक्स्पोजर पांढऱ्या आभाळासमोर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वर. एफ-३५चा करडा रंग ढगाळ हवेत मातकट काळा येतो, त्याला ही भर लागतेच. ४०० मिलिमीटर पुरतात.

मिल्डनहॉल इथून जेमतेम आठ-दहा किलोमीटर. १०० व्या एअर रिफ्युएलिंग विंगची, हवेतच दुसऱ्या विमानांना इंधन देणारी केसी-१३५ टँकर विमानं तिथे आहेत, शेपटीवर काळ्या चौकोनात ‘डी’. ही खूण दुसऱ्या महायुद्धातल्या याच क्रमांकाच्या बॉम्बर दलाची. हेलिकॉप्टरसारखी उभी उठणारी ऑस्प्रे आणि मालवाहू एमसी-१३०जेही दिसतात. ऑस्प्रेसाठी शटर १/१६० च्या खाली आणा, नाहीतर तिचे प्रचंड पंखे गोठल्यासारखे दिसतात. लेकनहीथला दोन लाटांच्या मधला वेळ इथे घालवावा. त्यासाठी वेगळा दिवस देण्याची गरज नाही.

मॅक लूप

वेल्समध्ये डॉलगेल्लाई आणि मॅखन्लेथ या गावांच्या मधल्या दऱ्यांतून लढाऊ विमानं कमी उंचीवरून उडण्याचा सराव करतात. नेहमीची किमान मर्यादा २५० फूट, म्हणजे ७६ मीटर. तुम्ही दरीच्या उतारावर त्याहून उंच चढून बसलेले असता, त्यामुळे विमान खालून किंवा डोळ्यांच्या रेषेत जातं. पायलटचं हेल्मेट, मांडीवरचा नकाशा, कधी हातही दिसतो. वैमानिक नसलेल्या माणसाला उडत्या फायटरची पाठ एवढ्या जवळून दाखवणाऱ्या जागा जगात थोड्या आहेत.

बसायच्या जागांपैकी पहिल्या खेपेला कॅड वेस्ट किंवा कॅड ईस्ट निवडा. कादर इद्रिस डोंगराच्या पायथ्याशी, ए-४८७ च्या दोन बाजूंना या जागा समोरासमोर आहेत. ढोबळमानाने सकाळी पूर्वेकडच्या उतारावर बसलात तर सूर्य पाठीशी राहतो, दुपारनंतर पश्चिमेकडच्या. तिसरी जागा म्हणजे बुल्ख, ए-४७० वरच्या घाटाजवळची. तिथे चढण कमी पडते, गुडघे कुरकुरत असतील तर तीच बरी. कॅड वेस्टची चढण अर्ध्या तासाची आहे, पण सरळ अंगावर येणारी. राजगडाच्या चोरदरवाज्याने चढलेल्या माणसाला काही वाटणार नाही, मात्र पाठीवर कॅमेऱ्याचं ओझं आणि पायाखाली ओलं गवत असतं हे ध्यानात ठेवा. उतरताना घसरायला होतं.

ही जमीन मेंढपाळांची आहे. फाटक उघडलंत तर लावून घ्या, भिंतींवर चढू नका, कचरा परत आणा. वरती स्वच्छतागृह नाही, आडोसाही नाही. मोबाइलची रेंजही भरवशाची नाही, त्यामुळे नकाशे आधी उतरवून ठेवा.

आता खरा प्रश्न. विमान येणार कधी? ब्रिटनचं संरक्षण मंत्रालय कमी उंचीवरच्या उड्डाणांचं साप्ताहिक वेळापत्रक जाहीर करतं, त्यात मध्य वेल्सही आहे. पण ते १०० फुटांपर्यंत उतरणाऱ्या खास सरावापुरतं असतं. २५० फुटांवरची रोजची उड्डाणं त्यात नसतात. वेळापत्रकात काही नाही म्हणून बेत रद्द करू नका, आणि आहे म्हणून पंधरा विमानांची खात्रीही बाळगू नका. माझ्या मते तीनच गोष्टी पाहायच्या. वार कुठला आहे, डोंगरावरचे ढग किती खाली आहेत, आणि अँगल्सी बेटावरच्या व्हॅली तळाची हवा कशी आहे. ढग उतारांवर टेकले असतील तर कुणी येत नाही. व्हॅलीहून हॉक टी-२ आणि टेक्सन टी-१ ही प्रशिक्षण विमानं येतात, आणि मॅक लूपचं रोजचं जेवण तेच आहे. सूर्यकिरण चमूची विमानं पाहिलेल्यांना हॉक ओळखीचंच वाटेल. लेकनहीथचे ईगल आणि एफ-३५, कॉनिंग्सबी तळाचे टायफून, एखादं अवजड मालवाहू ए-४००एम हा त्या दिवसाचा बोनस.

चांगल्या दिवशी हात भरून फोटो मिळतात, वाईट दिवशी मेंढ्यांचे. म्हणून दोन दिवस, शक्यतो मंगळवार ते गुरुवारमधले. एकाच दिवसासाठी सफोकहून इथे येणं म्हणजे पाच-सहा तासांची ड्रायव्हिंग करून जुगार खेळणं.

फोटोचं तंत्र इथे वेगळं. ४५० नॉट वेगाने येणारं विमान सेकंदाला सुमारे २३० मीटर कापतं. आवाज बहुधा उशिरा पोचतो, त्यामुळे कानांवर विसंबू नका. दरीच्या तोंडाकडे नजर ठेवा आणि वरच्या टोकाला बसलेला कुणी ओरडला की त्या दिशेला वळा. पहिल्या दिवशी १/१२५० वर सुरक्षित फोटो घ्या. हात बसला की १/५०० वर, मग १/३२० वर या. मागे आकाश नसून डोंगर असतो, तो पुसला गेला की वेग दिसतो. पन्नासांतले पंचेचाळीस फुकट जातील, जाऊ द्या. एक्स्पोजरही उलटं. गडद हिरव्या डोंगरासमोर कॅमेरा फसतो आणि विमान भाजून काढतो, तेव्हा थोडं खाली आणा. फोकसच्या बिंदूंचा मधला छोटा गट वापरा. पूर्ण चौकटभर फोकस मोकळा सोडलात तर तो कपारीतल्या दगडावर जाऊन बसतो. ट्रायपॉड आणलाच असेल तर गाडीतच असू दे.

राहायला डॉलगेल्लाई किंवा मॅखन्लेथ. दोन्ही छोटी गावं, खोल्या मोजक्या, आधी आरक्षण करा.

फेअरफर्डचा शो

रिअ‍ॅट १९७१ मध्ये नॉर्थ वील्डला सुरू झाला आणि १९८५ पासून मुख्यतः ग्लॉस्टरशरमधल्या फेअरफर्ड तळावर भरतो. या तळाची धावपट्टी इतकी लांब आहे की अमेरिकेच्या स्पेस शटलसाठी आणीबाणीची उतरण्याची जागा म्हणून ती राखून ठेवलेली असे. वीस-पंचवीस देशांची विमानं एका कुंपणात पाहायची असतील तर याला तोड नाही.

तिकिटं आधीच काढावी लागतात. स्विंडन, सायरेन्सेस्टर, चेल्टनहॅम इथली हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात, त्यामुळे खोली आधी आणि विमानाचं तिकीट नंतर असा उलटा क्रम लावला तरी चालेल. माझा सल्ला असा की तीन दिवसांपैकी एकच दिवस आत जा आणि उरलेला वेळ येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना द्या. बुधवार-गुरुवारी पाहुणी विमानं उतरतात, सोमवारी परततात. शोच्या दिवशी विमान लांबून आणि ठरलेल्या रेषेत उडतं, आगमनाच्या दिवशी ते उतरताना जवळून जातं, आणि निघताना पायलट हात हलवून जातात. त्या दिवसांसाठी आयोजकच पाहण्याच्या जागांची वेगळी तिकिटं विकतात.

आत गेलात तर सकाळी फाटक उघडायच्या वेळेला हजर राहा. जमिनीवरच्या विमानांभोवती गर्दी जमण्याआधीचा पहिला तास सोन्याचा. वैमानिक विमानाशेजारीच असतात आणि बोलायला उत्सुक असतात. भारतातून आलो म्हटलं की मिराज किंवा जग्वारवर गप्पा हमखास वळतात. कानांत घालायचे बोळे विसरू नका. पाऊस पडला तर चिखल होतो. २००८ मध्ये मैदानात पाणी साचून अख्खा शो रद्द करावा लागला होता, तेव्हा सगळी सहल या एका शोवर टांगू नका.

एखादा दिवस उरला तर

लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला टायफून आहेत, आणि तिथेच बॅटल ऑफ ब्रिटन स्मरण-पथकाची महायुद्धातली विमानं, लँकेस्टर आणि स्पिटफायर. जवळच्या वॉडिंग्टनला २०२२ पासून हवाई कसरती करणारे रेड अ‍ॅरोज राहतात. आपल्या सुखोईंनी इंद्रधनुष सरावासाठी २००७ मध्ये वॉडिंग्टन आणि २०१५ मध्ये कॉनिंग्सबी गाठलं होतं, मार्च २०२३ मध्ये कोब्रा वॉरियर सरावासाठी मिराज २००० वॉडिंग्टनला उतरली. असा एखादा सराव जाहीर झाला आणि तुमच्या तारखा जुळत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून तिथे जा. भारतात ज्या विमानाकडे कॅमेरा वळवता येत नाही त्याचे फोटो परदेशातल्या सार्वजनिक रस्त्यावरून मिळतील.

पावसाचा दिवस संग्रहालयाला द्या. लेकनहीथहून डक्सफर्ड जवळ आहे, तिथे टेहळणीचं एसआर-७१ आणि बॉम्बर बी-५२ छपराखाली उभी आहेत. लंडनमध्ये हेंडनचं आरएएफ म्युझियम फुकट आहे. तिथलं लिबरेटर बॉम्बर पाहायला विसरू नका. महायुद्धानंतर कानपूरला टाकून दिलेल्या लिबरेटरांची डागडुजी करून हिंदुस्तान एअरक्राफ्टने ती वायुसेनेला उडवायला दिली. हे त्यांतलंच एक. ते पुण्याहून समुद्रटेहळणी करणाऱ्या सहा नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये होतं आणि १९७४ मध्ये भारताने ते ब्रिटनला भेट दिलं. लोहगावचं जुनं विमान जवळून, हवे तेवढे फोटो काढत पाहण्याची ही सोय आहे.

पोलीस, स्कॅनर, ड्रोन

सार्वजनिक जागेवरून विमानाचा फोटो काढणं ब्रिटनमध्ये गुन्हा नाही. पण २०२३ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली लष्करी तळ प्रतिबंधित जागा आहेत आणि त्यांच्या लगतच्या भागातून निघून जायला पोलीस सांगू शकतात. सांगितलं तर निघायचं, हक्कांवर भाषण द्यायचं नाही. जून २०२५ मध्ये ब्राइझ नॉर्टन तळात आंदोलकांनी घुसून टँकर विमानांवर रंग फवारला, तेव्हापासून पहारेकरी जास्त सावध आहेत. विमान टिपा, फाटकं, पहारे, कुंपणाची रचना आणि माणसं टिपू नका. कुंपणाला टेकू नका, त्याला शिडी लावू नका.

आपल्या रंगरूपामुळे एखादा प्रश्न जास्त विचारला जाऊ शकतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पासपोर्टची प्रत, हॉटेलचा पत्ता आणि फोनमध्ये तुमच्या जुन्या विमान-फोटोंचा अल्बम एवढं हाताशी असलं की संभाषण दोन मिनिटांत ‘आज काय काय दिसलं’ इथवर येतं. एकटे कोपऱ्यात उभे राहण्यापेक्षा नेहमीच्या स्पॉटरच्या घोळक्यात उभे राहा. ते मदतीला तत्पर असतात, आणि त्यांना भारतातल्या मिग-२१ बद्दल विचारायचं असतंच.

एअरबँड स्कॅनर, म्हणजे विमानांचं रेडिओ-संभाषण ऐकवणारं यंत्र, विकत घेणं कायदेशीर आहे, पण तुमच्यासाठी नसलेलं लष्करी संभाषण ऐकणं २००६ च्या वायरलेस कायद्यात बसत नाही. तिथले लोक सर्रास ऐकतात हे खरं, पाहुण्याने त्या फंदात पडू नये. विमानांचं स्थान दाखवणारी अ‍ॅप मात्र वापरा. टँकर आणि मालवाहू विमानं त्यांवर दिसतात, फायटर बऱ्याचदा दिसत नाहीत. टँकर समुद्रावर गिरट्या घालू लागला की लेकनहीथची पोरं बाहेर आहेत आणि परतायला उशीर आहे, एवढा अंदाज बांधता येतो.

ड्रोनचं कारण आता सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेकनहीथ, मिल्डनहॉल, फेल्टवेल आणि फेअरफर्डच्या आकाशात अनोळखी ड्रोन दिसले आणि मोठी धावपळ उडाली. तळांभोवती ड्रोनला बंदी आहे. अशा ठिकाणी तुमच्या गाडीच्या डिकीत ड्रोन सापडणं ही कुठल्याच भाषेत समजावून सांगता येणारी गोष्ट नाही.

संध्याकाळचं काम

रोज रात्री कार्ड रिकामं करा, दोन ठिकाणी प्रती ठेवा आणि त्याच दिवशी विमानांचे क्रमांक लिहून काढा. ब्रिटिश विमानांवर दोन अक्षरं आणि तीन अंक असतात, टायफूनवर ‘झेडके’ किंवा ‘झेडजे’ने सुरू होणारे. अमेरिकी विमानांवर वर सांगितलेली वर्षाची पद्धत. घरी येऊन चार हजार फोटोंतून हे शोधायला बसलात तर महिना जातो. एखादा क्रमांक अर्धवट दिसत असेल तर त्याच मालिकेतले आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा, त्यांत तो पूर्ण सापडतो.

फोटो टाकायची घाई नको. फेअरफर्डला १९९१ आणि २००३ च्या इराक युद्धांच्या वेळी बी-५२ येऊन राहिली होती, ताणाच्या काळात तिथे बॉम्बर येतातच. असं काही सुरू असताना किती विमानं, कुठल्या शस्त्रांसह, किती वाजता निघाली, हे जागेवरून थेट प्रसिद्ध करू नका. काही दिवस थांबा आणि मग टाका, खाली तारीख, ठिकाण, विमानाचा क्रमांक आणि स्क्वाड्रन लिहून.